धुराची परतीची वाट

कोड : पी-०४०१

फोनच्या पडद्यावर तो पुन्हा उमटला आणि आभाला काळजी लागली. गाडीची नव्हे, सासऱ्यांची.

सत्यनारायणराव मंडी मोहल्ल्यातले कानडी शिंपी. उभी हयात कोट शिवण्यात गेली. दुकान बंद झालं तशी हातांना चैन पडेना, म्हणून त्यांनी घरच्या जुन्या डिझेल गाडीचं बॉनेट उघडलं. गेल्या महिन्यात हाच कोड आला होता. त्यांनी झडप काढली, काजळी खरवडली, सांध्यात बसवायचं नवं पॅकिंगसुद्धा घरीच कापलं. गाडी वाऱ्यासारखी पळाली. आणि आता परत तोच इशाऱ्याचा दिवा.

बंगळूरला गेलेल्या विक्रांतने, म्हणजे आभाच्या नवऱ्याने, सकाळीच फोनवर बजावलं होतं, "बाबा हल्ली विसरतात. गाडीत त्यांचाच घोळ निघाला तर किल्ली काढून घे. मला नाही जमणार ते."

तिला तरी कुठे जमणार होतं!

अर्थ : इंजिनाचा थोडा जळका धूर एका झडपेतून परत इंजिनात जायला हवा. तो जात नाहीये.

आभा पुण्याची. नोकरी गाड्यांच्या संगणकांची. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून तिने गाडीला जोडलेल्या फोनवरून झडप उघडली. धूर आत शिरला की इंजिनाने अडखळायला हवं. हे आपलं मजेत घुरघुरत राहिलं.

"नोडम्मा, बघ तरी, कसं गुळगुळीत चालतंय!" सत्यनारायणराव म्हणाले. "तुझं मशीन सुळ्ळु सांगतंय. साफ खोटं!"

"बाबा, तेच तर बिघडलंय. त्याला जरा ठसका लागायला हवा."

"चांगलं चालतंय म्हणून तक्रार? अय्यो, माझ्या गिऱ्हाइकांच्या वरताण आहेस तू!"

शक्य कारणं : झडप अडकली असेल. नळी चोंदली असेल. वायर

वायर राहू दे. इंजिन निवल्यावर आभाने झडप काढली. झडप स्वच्छ, नळी स्वच्छ. दोन्हींच्या मध्ये सासऱ्यांचं पॅकिंग. कडा सुबक, बोल्टची भोकं नेमकी. आणि मधोमध, जिथून धूर जायचा, तिथे सलग. भोकच नाही.

तिने ते चटकन मुठीत झाकलं. गुपचूप भोक पाडावं, बसवावं, वायर सैल होती म्हणावं. कोण विचारणार आहे?

"दाखव," ते म्हणाले.

तिने मूठ उघडली. ते बघत राहिले, मग पायरीवर बसले.

"विक्रांत म्हणतो ते खरंच, अल्वा? नाही का गं?"

आभाने पॅकिंग उलटं केलं. त्या बाजूला काजळी नव्हती. मधोमध पेन्सिलीचं रेखीव वर्तुळ होतं.

"बाबा, हे काय?"

"ते? भोकाची खूण. काज ट्रायलनंतरच कापायचं, आमच्या हाताला तीच सवय. एकदा कापलं की कापड परत येत नाही. म्हणून आधी बसवून बघितलं. नेमकं बसलं, गाडीही काय पळाली! तेवढ्यात तुझी सासू, अंबू म्हणाली, मला देवळात सोडा..."

"म्हणजे ट्रायलचाच कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून पाठवलात!"

सत्यनारायणरावांना हसू फुटलं, मग डोळे पुसावे लागले. "विसरलो ते विसरलोच मा. तू पांघरूण नको घालू."

ते आत जाऊन कात्री घेऊन आले. वर्तुळ असं कापलं, की रेघेचा मागमूस उरला नाही. आभाने बोल्ट आवळले, कोड पुसला, इंजिन चालू करून फोनवरून झडप उघडली. इंजिन ठसकलं. त्यांचा हात दचकून तिच्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला.

मग त्यांनी किल्ली पुढे केली. आभाने ती घेतली. चालकाचं दार उघडलं आणि ती त्यांनाच परत दिली.

"बसा. यापुढे बॉनेट उघडलंत, तर बंद करायच्या आधी मला बोलवायचं. मी बघणार. एवढंच."

तपासणी : एच. डी. कोटेच्या रस्त्यावर, एकाच वेगात. दिवा लागत नाहीये

अजून तरी. फोन वाजला, विक्रांतचा. आभाने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, तिने स्पीकर लावला.

"विक्रांता, चूक माझीच होती. भोक कापायचं विसरलो."

गाडीचा आवाज विक्रांतला ऐकू गेला असावा.

"आत्ता गाडी कोण चालवतंय?"

"तुझा बाप, कोटेच्या रस्त्यावर. आणि माझं काम तपासायला शेजारी माझी सून."

"...बाबा?"

"हं."

"समोर म्हशी असतील तिकडे. सावकाश."