तीन दिवसांचं कलम

या नव्या नोकरीत बसून बसून माझा जीव मेटाकुटीला आलाय. आधी मी दवाखान्यांच्या, बँकांच्या कॉम्प्युटरमध्ये चोर कुठून शिरला ते शोधायचे. भोक दिसलं की तासाभरात बुजवायचं! इथे, सरकारच्या धोरण विभागात, कायद्याच्या एका कलमावर चार महिने. आणि कलम तरी केवढं? दवाखान्यातून रुग्णांची माहिती चोरीला गेली, तर तीन दिवसांत रुग्णांना कळवायचं. बस्स.

"बसा हो जरा, खुर्ची तापू द्या," आमच्या विभागप्रमुख मॅडम म्हणायच्या. मी आपली खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालत राहायचे. मला ते कलम हवंच होतं. का, ते कुणाला सांगितलं नव्हतं.

आज त्या कलमावर सुनावणी होती. दवाखान्यांच्या संघटनेचा वकील टाय नीट करत उठला. "रुग्णांना कळवून नुसती घबराट होईल. तज्ज्ञच काय म्हणतात, बघा." त्याने एका जुन्या चोरीचा अहवाल वाटला. दवाखान्याचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, सगळं काळ्या शाईने झाकलेलं. शेवटची ओळ उघडी: 'धोका किरकोळ. रुग्णांना कळवण्याची आवश्यकता नाही.'

ओळ माझी होती, आणि वरची तारीखही ओळखीची. मी ती प्रत्येक अहवालाखाली चिकटवायचे. आमच्या कामात धोका मोजायचा तो यंत्राचा. यंत्र बंद पडलं नाही ना, मग किरकोळ. तो अहवाल पाठवून झाल्यावर मी चोरीला गेलेली यादी सहज चाळली, तर त्यात माझी ताई. नावापुढे तिचा आजार. तिने तो फक्त एका मैत्रिणीला सांगितला होता, मलासुद्धा नाही. मी गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली, म्हणून मूग गिळून गप्प बसले. दोन महिन्यांनी ताईच्या ऑफिसात निनावी पत्र गेलं, आजार यादीतल्याच शब्दांत; सगळ्यांना कळलं. ताईला वाटलं, मैत्रिणीनेच तोंड उघडलं. तेव्हापासून ताई त्या मैत्रिणीचं नाव काढू देत नाही.

मी उभी राहिले. मॅडमनी माझी बाही ओढली, पण आता कोण ऐकतंय!

"हा अहवाल मी लिहिलाय," मी म्हणाले, "आणि तो साफ चुकलाय. त्या यादीत माझी सख्खी बहीण होती."

वकील बिलंदर. "अरे वा. मग तुम्ही बहिणीला किती दिवसांत कळवलंत?"

"नाही कळवलं."

"म्हणजे?"

"वर्ष झालं. अजून नाही."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मला इतका संताप आला, आणि तो माझ्यावरच.

"जा, आधी फोन करा," मॅडम हळूच म्हणाल्या. "कलमाचं मी बघते."

बाहेर पाण्याच्या मशीनजवळ उभी राहून मी ताईला एका दमात सगळं सांगितलं. ती मला फाडून खाईल, असं वाटलं होतं.

"म्हणजे ती नव्हती," ताई म्हणाली. "अगं, तिची आई गेली तेव्हासुद्धा मी गेले नाही."

"ताई, मी..."

"तुझं नंतर बघते. आधी मला तिचा नंबर शोधू दे."

आणि तिने फोन ठेवला.