मेटाव्हर्समधला चुडा

तळोद्यात पाटलांच्या घरच्या नवरीला हिरवा चुडा भरायचा तो जन्नतबीनंच, हे तीन पिढ्या ठरलेलं होतं. पण आताची नवरी संध्या पुण्यात नोकरीला, सुट्टी थेट हळदीच्या दिवसापासून, आणि चुडा तर हळदीआधीच भरायचा. तेव्हा जन्नतबीच्या नातीनं, लायबानं, बांगड्यांचं दुकान मेटाव्हर्समध्ये, त्या संगणकातल्या आभासी जगात, थाटलं आणि आजीच्या डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला.

समोर संध्या दिसली, पण पायांशिवाय; त्या जगात माणसं कमरेपर्यंतच असतात. जन्नतबीनं ते मनावर घेतलं नाही. तिनं हात धरायला मूठ मिटली, तर मुठीत हवा. आता हात दाबल्याशिवाय माप कळत नाही, आणि माप चुकलं तर पाटलांचा चुडा दुसऱ्या दुकानात गेलाच म्हणायचा.

"मौसी, हात शे ना समोर," संध्या म्हणाली.

"हात शे, बेटी. हाडकं कोठे शेतस?"

चाचपडताना अखेर एक उबदार हात लागला. जन्नतबीनं तो दाबला, अंगठा आत वळवला आणि मांडीवरच्या डब्यातल्या बारा बांगड्या सफाईनं चढवल्या. कुणीतरी कळवळलंही. तिला हायसं वाटलं.

"सव्वादोनचं माप," तिनं जाहीर केलं.

"दादी, ये मेरा हाथ है," लायबा म्हणाली.

चष्मा काढून जन्नतबीनं नातीच्या मनगटातला नवरीचा चुडा बराच वेळ पाहिला. मग चष्म्यालाच म्हणाली, "संध्या, हळदीच्या आदल्या दिवशी ये. हात घेऊन ये."

"सुट्टी वाढवून येते, मौसी," चष्मा म्हणाला.

चुडा वाचला. पण पायांचंही सांगायला हवं होतं का, हे जन्नतबीला काही ठरवता येईना.