जाईच्या लग्नातला सुदान

आमच्या तेर गावात लग्नं लई झाली, पण परदेशी जेवणाचं लग्न एकच. आमच्या जाईचं. त्या जेवणापायी ते मोडता मोडता राहिलं. सगळं सांगते, पण मधी मधी बोलायचं न्हाय. मला खपत न्हाय ते.

मी केशरबाई. कोंडिबा माझा धाकटा भाऊ आन् जाई त्याची एकुलती एक पोर. ती चार वर्षांची असताना तिची आई गेली, तवापासून म्याच वाढवली. मी सासरी नांदले सव्वा वर्ष. सासू माझ्या तोंडाला भ्याली का मी सासूच्या, त्याचा निकाल अजून लागला न्हाय, पण माघारी आले ती आलेच.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. तेरणेच्या पात्रात पोरं इटी-दांडू खेळत होती, म्हंजे बघा. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं होतं, सगळं गाव तिथं खडी फोडत होतं. घरात दाणा म्हणाल तर सोसायटीच्या दुकानातून मिळणारी मिलो. तांबडी, बारकी, अमेरिकेची ज्वारी. तिच्या पिठाला चिकटपणाच न्हाय. थापायला घेतली की कडंनं भेगा पडायच्या, तव्यावरनं उचलली की चार तुकडं. मी तिला रोज शिव्या घालायची आन् रोज खायची.

तशात जाईचं लग्न ठरलं. मुलगा व्यंकट, कळंबला दवाखान्यात कंपाउंडर. सालस पोरगा. जाईनं त्याच्यासाठी रुमाल भरला होता, त्यावरचं नाव तिनं तीनदा उसवून तीनदा भरलं. व्यंकटला बाप न्हाय, चुलताच सगळं बघायचा. आबाराव त्याचं नाव, कचेरीत कारकून, सदऱ्याची इस्त्री मोडंल म्हणून टेकून बी बसायचा न्हाय.

लग्नाला दहा दिवस राहिले तवा हे आबाराव बोलणी पक्की करायला आले. पाव्हण्याला उपाशी कसं धाडायचं? म्या ताट वाढलं. चटणी, कांदा आन् मिलोची भाकरी. त्यांनी भाकरी उचलली, ती मोडून ताटात पडली.

"ही कसली ज्वारी, केशरबाई?"

"मिलो हाय."

त्यांनी ताट हळूच बाजूला सारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडण्याला माझ्याकडं उत्तर असतंय. पण ते हळू बोलले.

"राग मानू नका. आमचे साहेब सांगत होते, ही ज्वारी तिकडं अमेरिकेत गुरा-डुकरांना घालतात. माझ्या बापानं मेल्या ढोराचं खाल्लं, गावाचं उष्टं खाल्लं. छप्पन साली धम्मदीक्षा घेतल्यावर आमी ते सोडलं. माझी आई चार-चार दिवस उपाशी निजली, पण पुन्हा कुणाच्या दारात तुकडा मागाय गेली न्हाय. आता माझ्या पुतण्याच्या लग्नात ढोराचा खुराक पानात पडणार असंल, तर वऱ्हाड यायचं न्हाय. दुसरं काही जमत असंल तर बघा. न्हायतर पुढच्या साली."

म्या गुमान ताट उचललं. कोंडिबा माझ्याकडं बघतच राहिला, कारण असं कधी झालंच न्हवतं. आवं, माझी आई बी तसलीच होती की! माणूस बरोबर बोलत होता, म्हणून तर मला जास्त राग आला.

पुढच्या साली म्हंजे काय? पुढच्या साली कोण कुठं असंल? कंपाउंडरला काय, पोरी सांगून येणारच. जाई उठली आन् पाण्याला गेली. घागर घरातच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी मी सोसायटीत गेले. दुकानावर गुंडाप्पा बसायचा.

"गुंडाप्पा, पांढरी ज्वारी पाहिजे. लग्नाचं घर हाय."

"केशरबाई," तो म्हणाला, "पांढरं म्हणाल तर माझ्याकडं फक्त डोक्यावरचे केस हायत. मिलो हाय. गहू आलाय थोडा, दोन-चार पायल्या देतो. त्यात वऱ्हाड जेवत न्हाय."

त्या गव्हावर साठ माणसं कशी उठायची? पार अणदूर गावापातूर सोयऱ्याधायऱ्यांकडं निरोप धाडले. सगळ्यांच्या घरात तांबडंच. खरं तर दुष्काळानं सगळ्यांना एका पंगतीत बसवलं होतं, फक्त आबाराव तेवढे उठून चालले होते.

मी कामावर गेले आन् दगडावर असली हातोडी घालाय लागले की शेजारच्या बाया सरकून बसल्या. कामावरच्या लेकरांना दूध-सुकडी वाटायला शाळेतल्या लीलाबाई यायच्या. तुळजापूरच्या, बामणाच्या. पण बाई चांगली. पोत्यावरचं इंग्रजी वाचून सांगायची. दुधाची पावडर डेन्मार्कची, गहू कॅनडाचा. आमच्या लेकरांना तालुका माहीत न्हवता, पण डेन्मार्क माहीत होता.

म्या सरळ विचारलं, "बाई, खरं सांगा. ही मिलो अमेरिकेत ढोरं खातात?"

त्यांनी हातातला दुधाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "हो मावशी. तिकडे बहुतेक जनावरांनाच घालतात."

म्या हातोडी भिरकावली. "मग आमी कोण? सांगा की! दिवसभर उन्हात खडी फोडून घेतो आमी ती. फुकट न्हाय घेत!"

मुकादमानं मान वर करून बघितलं आन् परत खाली घातली. शहाणा होता.

लीलाबाईंनी हातोडी उचलून आणून माझ्या हातात दिली. "मावशी, अमेरिका म्हणजे काही सगळं जग नाही," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ पुण्याला शिकतो. त्याच्या शेजारच्या खोलीत सुदान देशाचा मुलगा राहतो, इद्रीस नावाचा. मी दिवाळीत गेले होते, तर त्याला बाजारात ज्वारीचं पीठ दिसलं आणि तो चक्क रडला, मग ते घेऊन त्यानं आम्हाला त्यांच्याकडचं खाणं करून घातलं. त्यांच्या देशाचं सगळ्यात आवडीचं खाणं ज्वारीचंच. पीठ आंबवतात, पातळ करतात, तव्यावर पसरतात. वाळवलेली भेंडी कुटून तिच्या रश्शाबरोबर खातात. घरात रोज तेच आणि लग्नातही तेच. ज्वारी मूळची त्यांच्याकडचीच, असं म्हणतात."

"लग्नात? माणसं?"

"मग! नवरा-नवरीसुद्धा."

मला एकदम हसू आलं. म्या म्हणलं, बघा, दाणा तोच, एकीकडं गोठ्यात आन् एकीकडं मांडवात. आन् मला सांगा, देशाचं आवडीचं खाणं म्हंजे तरी काय असतंय? कवातरी कुठल्यातरी बाईच्या घरात तेवढंच उरलेलं असणार. तिनं डोकं चालवून त्याचं चांगलं काहीतरी केलं असणार. मग शेजारणीनं विचारलं असणार, कसं केलंस गं? झाला देश!

"बाई," म्या म्हणलं, "त्या पोरानं कसं केलं ते समदं सांगा. मिठापासनं सांगा."

आंबवायचं मला कुणी शिकवायला नको. आंबील काय आमी आज करतो का? आदल्या दिवसाच्या आंबिलीचं विरजण लावून मिलोचं पीठ भिजवलं. दोन दिवसांनी पीठ असं फसफसलं की कोंडिबा म्हणाला, "अक्का, ह्यात काही जित्तं पडलंय का बघ."

पहाटं कामावर जायच्या आधी चूल पेटवली. पहिल्या दिवशी तव्याला असं बसलं की खरवडायला उलथन्याऐवजी खडीची हातोडी घ्यावी वाटली. दुसऱ्या दिवशी लापशी झाली. तिसऱ्या दिवशी जाई म्हणाली, "आत्या, तू पीठ ओततीस तशी शिव्या बी ओततीस, म्हणून चिकटतंय. सर बाजूला." पोरीनं अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवला. शिंदीच्या चटईचा एक तुकडा धुऊन घेतला होता, त्यानं पीठ गर्रकन पसरलं. धोतराच्या सोग्यासारखं पातळ. कडा आपसूक सुटल्या. तिनं दोन बोटांनी उचललं. अख्खं! मोडलं न्हाय, भेग न्हाय, मऊ लुसलुशीत आन् जराशी आंबट चव. आमी दोघी चुलीपुढं फुगडी घालायच्या तेवढ्या राहिलो.

आदल्या सालापासनं माळ्यावर वाळलेल्या भेंडीचं गाठोडं पडलं होतं. ती कुटली. लसूण, मिरची, शेंगदाण्याचं कूट घालून दाट रस्सा केला. कॅनडाच्या गव्हाची खीर ठरली, डेन्मार्कच्या दुधातली. आबारावांना निरोप धाडला, 'पानात भाकरी नसंल. दुसरं जमवलंय. या.' कोंडिबा म्हणाला, "अक्का, विचारलं तर मिलो म्हणून सांगू नकोस. रंग बी निवळलाय आंबवून. कुणाला कळतंय?" म्या हूं म्हणलं.

लग्न सकाळचं लागलं. पांढऱ्या लुगड्यात जाई अशी दिसत होती की माझीच नजर लागंल म्हणून मी दुसरीकडं बघितलं. त्रिसरण-पंचशील झालं, हार घातले, फुलं पडली. मग पंगत बसली. वऱ्हाड आधी, आमची रीतच ती. मुलीकडच्या बायांनी सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं.

मी वाढत होते. पळसाच्या पत्रावळीवर सुदान देशाची भाकरी घडी घालून, वर भेंडीचा रस्सा. एका पोरानं विचारलं हे काय, तर जाईच्या मैत्रिणीनं सांगितलं, ह्यो सुदान, आन् खिरीला कॅनडा. झालं! सगळी पंगत वरडाय लागली. "इकडं सुदान आणा!" "अवं, सुदानवर रस्सा!" "ह्या म्हाताऱ्याला कॅनडा वाढा की!" मांडवात नुसता हशा.

आबाराव जेवत होते. पहिला घास सावकाश, दुसरा भरभर. दोन संपले, तिसरा मागितला. बोटं चाटली आन् वर बघून म्हणाले, "केशरबाई, काय केलंय हो हे! कशाचं हाय?"

कोंडिबा मांडवाच्या खांबाआडून मला डोळ्यानं खुणावत होता. पांढऱ्या ज्वारीचं म्हणाले असते तर कुणाला काय कळणार होतं? जाईचं लग्न लागलं होतं, पण नांदायला जायचं होतं पोरीला ह्याच माणसाच्या घरात. पण मनात आलं, खोटं बोलले तर मीच कबूल केलं की ह्यो ढोराचा खुराक हाय. चोरून खाऊ घातलं, असं व्हईल ते.

"मिलो हाय, आबाराव," म्या म्हणलं. "तीच. अमेरिका ढोराला घालती, ते खरं. सुदान लग्नात वाढतो, ते बी खरं. आन् आमी ती मागून आणली न्हाय, खडी फोडून आणली. माझ्या भाचीच्या लग्नात ढोर एक बी जेवाय बसलं न्हाय. सगळी माझी सोयरी हायत. आता तुमाला उठायचं असंल तर उठा."

आन् आबाराव उठले.

भरल्या पानावरून. साठ माणसांचे हात थांबले. जाईनं व्यंकटचा शेला घट्ट धरला. म्या म्हणलं, केशरबाई, ह्या तोंडानं तुझा संसार घालवला, आता पोरीचा बी घालव.

आबाराव माझ्यापुढं येऊन उभे राहिले. "तुमी जेवला का?"

"न्हाय. आमची पंगत शेवटी."

"ते का?"

"का म्हंजे? रीत हाय. मुलीकडच्या बाया."

"उरलंसुरलं?"

म्या रश्श्याची बादली ह्या हातातली त्या हातात घेतली.

त्यांनी माझ्या हातातली बादली घेतली. आपल्या पानाशेजारी हातानं जागा झाडली. "बसा," ते म्हणाले. "माझ्या आईनं जलमभर उरल्यालं खाल्लं. हे माणसाचं खाणं हाय म्हणता ना? मग माणसावानी पहिल्या पंगतीत बसून खा. मी वाढतो."

"आबाराव, मुलाकडचा माणूस वाढत असतोय का कुठं? लोक काय म्हणतील!"

"बसा म्हणलं ना."

माझं कुणी ऐकत न्हाय असं कधी झालं न्हवतं. मी बसले. इस्त्रीच्या सदऱ्यातल्या त्या माणसानं वाकून माझ्या पानात सुदान वाढला. वर रस्सा ओतला तो असा की पत्रावळीबाहेर धावत सुटला. पलीकडं व्यंकट जाईला म्हणाला, "चल, आपण बी वाढू," आन् नवरा-नवरी खिरीची बादली घेऊन निघाली. मग मुलाकडच्या बाया उठल्या, आमच्या बायांना हाताला धरून बसवाय लागल्या. कोण कुणाकडचं, काही कळंना.

मी घास घेतला. आठ दिवस ते करत होते, चाखत होते, पण पत्रावळीसमोर मांडी घालून, कुणीतरी वाढतंय आन् आपण खातोय, असं माझ्या बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच झालं. डोळ्यांतनं पाणी यायलाच लागलं. थांबंना.

"तिखट झालं का?" आबाराव वाकून विचारत होते.

"तिखट न्हाय," म्या म्हणलं, "वाढायचं कळत न्हाय तुमाला. रस्सा सगळा भुईला पाजला. आणा अजून!"