समासातली एकशे नऊ घरं

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी प्राध्यापकांनी छपाईला गेलेला निबंध परत मागवला. फोन ठेवला आणि सर्वेक्षणाच्या बाईंना बोलावलं.

पुरुष कामासाठी शहरात गेले की मागे शेतीचं काय होतं, हा सरांचा विषय. त्यासाठी बाई एकोणीस वर्षं खेडी तुडवत होत्या. निबंध सांगत होता, की पुरुष गेले तरी शेतीचा कारभार त्यांच्याच हाती राहतो. टेबलावर बाईंनी भरलेले तक्ते पसरले होते. ‘शेती कोण करतं?’ या रकान्यात नियमाप्रमाणे कुटुंबप्रमुखाचं नाव. शेजारी समासात, बारीक पेन्सिलीनं: ‘नाव नवऱ्याचं. पेरणी, पाणी, कापणी बायकोची.’ संगणकात रकाने चढले होते, समास राहिले होते. ते सरांनी आज सकाळी पहिल्यांदा वाचले.

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“तीनदा सांगितलं, सर. एकदा तुम्ही फोनवर होतात, एकदा घाईत. तिसऱ्यांदा म्हणालात, रकान्यात बसत नाही.”

संगणकावर बसलेला ऑपरेटर फिसकन हसला. ‘समासबाई’ हे नाव त्यानंच ठेवलं होतं.

सरांचा चेहरा उतरला. “किती घरं?”

“एकशे बारा घरांतले पुरुष बाहेर आहेत. एकशे नऊ ठिकाणी बाईच शेती करते. तीन घरांत ती भेटली नाही, सासू बोलली. तिथं मी काही लिहिलं नाही.”

“तिथंही तेच असणार. एकशे बारा धरू या.”

“अंदाज तुमचं काम, सर. माझं विचारायचं.”

सरांनी तक्ते गोळा केले. “या निबंधाच्या सहा वर्षांवर पाणी फिरवलंत, बाई,” ते म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून नव्यानं लिहायला बसले. एकशे नऊ लिहिलं. पहिल्या पानावर लेखकांची नावं दोन झाली.

“मावशी, तुमच्या नावापुढे पदवी काय टाकू?” ऑपरेटरनं विचारलं.

“काही नाही.”

“नुसतं ‘संशोधक’ टाकतो. कोण बघतंय?”

“मी बघतेय. मोकळं सोड.”

बाईंनी चष्मा पुसला आणि पान पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. मान ताठ होती.

चार वाजता निबंध गेला. नियतकालिकाच्या संपादकांनी लगेच कळवलं, की पेन्सिलीतल्या नोंदी पुरावा म्हणून धरायच्या की नाही, हे परीक्षक समिती ठरवील. साडेपाचपर्यंत समितीचं उत्तर आलेलं नव्हतं.