देव्हाऱ्यातलं वीजयंत्र

सोनिवलीच्या आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी पार्किंगमध्ये एवढी गर्दी जमली, की मला वाटलं पाण्याचा टँकर आला. पाहतो तर स्कूटर बाजूला सारून सतरंज्या अंथरलेल्या आणि पंपाच्या मोटारीशेजारी भगवी शाल पांघरून विद्युतानंद महाराज बसलेले. गळ्यात रुद्राक्ष, हातात चिमटा. चिमटाही साधूचा नव्हे; तारेला पकडून करंट मोजतात, तो इलेक्ट्रिशियनचा.

"बोलो वीजमाता की..."

"जय!"

महाराजांनी मोटर सुरू करवली. मीटरकडून येणाऱ्या तारेला लावलेल्या चिमट्यावर आकडा दिसला. मग त्यांनी पांढरा डबा, म्हणजे त्यांचं सिद्ध वीजयंत्र, शेजारच्या प्लगमध्ये खोचला, डोळे मिटले आणि "ॐ व्होल्टाय नमः" म्हणून फुंकर मारली. आकडा झरकन खाली आला. बायकांनी हात जोडले, पुरुषांनी मोबाइल काढले.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. न मागता मेंटेनन्स भरणारा सभासद दिसला, तर मी चमत्कार मानेन. तो अजून दिसायचाय. पण आमचे चेअरमन धर्मेशभाई पार विरघळले होते.

"बॉस, फायनल करून टाकू," ते म्हणाले. "घरोघरी महाराजांचं छोटं यंत्र आहेच, आता बिल्डिंगला महायंत्र. सोलरचा फंड पडूनच आहे ना?"

 जिन्यातल्या दिव्यांचं, पंपाचं आणि लिफ्टचं बिल परवडेना, म्हणून आम्ही दुपारभर लिफ्ट बंद ठेवत होतो. त्याची शिक्षा भोगत होत्या चौथ्या मजल्यावरच्या कौसाबाई. जन्म बारवी धरणाकडच्या पाड्यावर भातलावणीत गेला, गुडघे तिथेच झिजले. दुपारी खाली उतरणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. गच्चीवर सोलर पॅनेल बसलं की लिफ्ट दिवसभर चालणार होती. तो फंड या डब्यात गेला, की बाई खिडकीतच बसून राहणार.

"महाराज, पथ्य पण सांगा," कोणीतरी म्हणालं.

महाराज खुलले. "यंत्र कडक आहे! रिकाम्या खोलीत पंखा फिरला, की रुसतं. टीव्हीखालचा लाल दिवा म्हणजे राहूचा डोळा, मागचं बटन बंद करा. गीझर लावून विसरलात तर शक्ती गेली. पिवळा गोळा अशुभ, एलईडी शुभ. फ्रिजचं दार उघडं ठेवून चिंतन करू नये. आणि साक्षात पुरावा इथेच बसलाय. माताजी, उठा! बिल किती उतरलं?"

कौसाबाई आज सकाळच्या लिफ्टने खाली आल्या होत्या. गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. "निम्म्यावर आला," त्या म्हणाल्या.

टाळ्या पडल्या.

त्यांच्या शेजारी भारतीबाई बसल्या होत्या. बदलापूरच्या शाळेत विज्ञान शिकवतात आणि सोसायटीच्या मीटिंगमध्येही वर्गासारखंच हात वर करून बोलतात. त्यांनी हात वर केला. "मावशी, यंत्र कुठल्या प्लगला लावलंत?"

"प्लगाला?" कौसाबाईंनी कानाला हात लावला. "काय बोलतेस गो बाय! मंतरलेला यंतर. आमचा बोर्ड मोरीच्या भिंतीला. देवाला मोरीत कसा लावू? देव्हाऱ्यात ठेवलाय, लाल फडक्यावर. रोज हळदकुंकू वाहते."

"एकदाही लावलं नाही?"

"हातसुदा आंघोळ करून लावते."

गर्दीत हसू फुटलं. महाराजांनी शाल सावरली. "बघा! श्रद्धा असेल तर यंत्र वायरलेस चालतं!"

"आणि पथ्य?" भारतीबाईंनी विचारलं.

"सगळा पाळला," कौसाबाई म्हणाल्या. "नातू पंखा चालू टाकून गेला तर त्याला परत बोलावते."

भारतीबाई वळल्या. "धर्मेशभाई, तुमचं यंत्र प्लगमध्येच आहे ना? बिल?"

धर्मेशभाई चपलेकडे बघू लागले. "थोडं वाढलं. म्हणजे... यंत्र आहे म्हणून आम्ही एसी दिवसभर ठेवतो."

"पण आकडा पडला तो?" मागून कोणीतरी ओरडलं. "डोळ्यांनी बघितला!"

"तोही बघू." भारतीबाई सगळ्यांना पंपाच्या मीटरपाशी घेऊन गेल्या. "हा लाल दिवा जितका भरभर लुकलुकतो, तितकं बिल. तो लुकलुकला की टाळी वाजवा."

मोटर सुरू. अख्खी सोसायटी टाळ्या वाजवू लागली. महाराजांनी नाइलाजाने यंत्र लावलं. टाळ्यांचा ठेका बदलला नाही. काढलं, तरी तोच. पुन्हा लावलं, पुन्हा तोच. चिमट्यावरचा आकडा मात्र प्रत्येक वेळी इमानदारीत पडत होता.

"डब्यात साधा कपॅसिटर आहे," भारतीबाईंनी सांगितलं. "मोटर थोडी वीज घेते आणि लगेच परत ढकलते. ही ये-जा तारेतून चालते. डबा लावला की ती मोटारीजवळच उरकते, म्हणून तारेतला आकडा पडतो. पण शेजारणीने वाटीभर साखर नेऊन लगेच परत दिली, तर तुमची बरणी रिकामी होते का? या ये-जाचं बिल आपलं मीटर लावतच नाही. ते लावतं खरोखर वापरलेल्या विजेचं."

महाराज तोवर चिमटा झोळीत टाकून गेटकडे सरकले होते. धर्मेशभाई घसा खाकरून म्हणाले, सोलरवाल्याला उद्याच फोन करतो, आणि पॅनेल बसलं की लिफ्ट दुपारीही चालू. 

वाचकहो, त्या बाबाचं पथ्य खुशाल पाळा. तेवढं एकच त्याने खरं सांगितलं. पण घरातलं बटन बंद करायला मंत्र लागत नाही, आपला हात पुरतो. कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी मीटर बघा आणि चारचौघांत प्रश्न विचारा.

कौसाबाई गुडघे सांभाळत भारतीबाईंपाशी आल्या. "म्हंजे बिल मीच कमी केला?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच, मावशी."

त्यांनी गेटकडे पाहिलं. "मंग मी त्याच्या पाया पडले ती कशाला? त्यानंच माझ्या पडायला पायजे व्हता!"