माईक झाकून बोललेलं वाक्य

मंत्र्यांनी माईकवर तळहात ठेवला, मान वळवली आणि मागे उभ्या असलेल्या सचिवाला हलक्या आवाजात म्हणाले, "त्या इन्स्पेक्टर बाईला आजच्या आज इथून हलवा. मी फोन केला होता हे तिच्या तोंडून बाहेर पडलं, तर माझ्या गळ्याशी येईल."

समोर चाळीसेक पत्रकार बसले होते. त्यांच्या कानावर यातलं अक्षरही गेलं नाही. ऐकलं फक्त दोघांनी. एक सचिव, आणि दुसरी मंत्र्यांच्या डाव्या हाताला दोन फुटांवर उभी असलेली दुभाषी. ती मंत्र्यांचं बोलणं खुणांच्या भाषेत सांगत होती आणि टीव्हीच्या कोपऱ्यातल्या लहान चौकटीत ती दिसत होती. तिने हेही वाक्य हातांनी सांगून टाकलं.

तिने ते मुद्दाम केलं असं म्हणता येणार नाही. तिच्या कामाचा पहिला नियमच तो होता: दुभाष्याच्या कानावर जे पडतं, ते सगळं हातांनी सांगायचं. कुणी शिंकलं तर शिंक, दार आपटलं तर दार. काय सांगायचं आणि काय गाळायचं हे ठरवायला लागलात की दुभाषी संपतो आणि चमचा सुरू होतो, असं तिला शिकवणारे सर म्हणायचे. ऐकणं आणि हात हलणं यांच्यामध्ये तिला जेमतेम दोन सेकंद लागत. विचार करायला त्यात जागाच नव्हती. आपण काय सांगितलं हे तिला हात थांबल्यावर कळलं. तोवर मंत्र्यांनी माईकवरचा तळहात काढला होता.

"स्फोट अत्यंत दुर्दैवी आहे," ते म्हणत होते. "चौकशी होईल. मी कुणालाही फोन केलेला नाही."

तिने तेही सांगितलं.

स्फोट चार दिवसांपूर्वी झाला होता. रंगाच्या कारखान्यातला बॉयलर फुटला आणि नऊ माणसं गेली. त्यांतल्या तिघांना ऐकू येत नव्हतं. हा योगायोग नव्हता. बॉयलरच्या शेडमध्ये इतका आवाज असायचा की ऐकू येणारी माणसं तिथे टिकायची नाहीत, म्हणून मालकाने तिथे शोधून शोधून कर्णबधिर कामगार घेतले होते. धोक्याची सूचना मात्र भोंग्याची. दोन महिन्यांपूर्वी बॉयलर तपासणाऱ्या इन्स्पेक्टर बाईंनी पाहणी करून लिहून दिलं होतं, की बॉयलरची झडप अडकते आहे, तो बंद करा. आणि भोंग्याबरोबर लाल दिवा लावा, कारण तिथल्या माणसांना भोंगा ऐकू येत नाही. बॉयलर बंद झाला नाही आणि दिवाही लागला नाही. बॉयलर बंद करू नका असा वरून फोन आला होता, अशी कुजबुज होती.

संध्याकाळी दुभाषी घरी आली आणि दाराबाहेरचं बटण दाबलं. या घराला घंटा नव्हती. बटण दाबलं की स्वयंपाकघरातला दिवा उघडझाप करायचा. आई जन्मापासून बहिरी. तिने दार उघडलं तेव्हा हातात ओलं पातेलं होतं. पातेलं तिने तसंच जमिनीवर ठेवलं, कारण हात अडकलेले असले की आईला बोलता येत नसे.

"कॉलर खरंच तसं बोलला?" आईच्या हातांनी विचारलं.

बहिऱ्या माणसांत प्रत्येकाला एक खूण चिकटते आणि तेच त्याचं नाव होतं. मंत्री सारखी कॉलर ताठ करत, म्हणून ते कॉलर. सचिवाच्या शर्टाची घडी कधी मोडत नसे, म्हणून तो इस्त्री.

"बोलला," ती म्हणाली.

"तू तुझ्या पदरचं काही घातलं नाहीस ना?"

"आई!"

"रागावू नकोस. वेणी दुपारपासून चार वेळा येऊन विचारून गेली."

वेणी म्हणजे आईची लहानपणापासूनची मैत्रीण. तिलाही ऐकू येत नव्हतं. स्फोटात गेलेल्या त्या तीन कर्णबधिर कामगारांत तिचा नवरा होता.

आईने फोन पुढे केला. कुणीतरी सकाळच्या चित्रफितीखाली तिच्या हातांचे शब्द लिहून ती सगळीकडे पाठवली होती. त्याच्याच खाली चार वाजताची बातमी होती: इन्स्पेक्टर बाईंची बदली, राज्याच्या दुसऱ्या टोकाला.

"आता तुझी नोकरी जाणार," आई म्हणाली.

"बहुतेक."

"पाण्यात राहून माशाशी वैर." आईने कपाळावर हात मारला आणि खाली बसली. "मला भीती वाटत नाही असं नाही. पण ऐक. लहानपणी डॉक्टर तुझ्या आजीशी अर्धा अर्धा तास बोलायचे. आजी मला त्यातलं एवढंच सांगायची, 'काही नाही, ठीक आहे.' शाळेत तेच, लग्न ठरवताना तेच, तुझा बाबा आजारी होता तेव्हा तेच. काही नाही, ठीक आहे! टीव्हीच्या चौकटीतले हातही तसेच निघाले, तर आम्ही बघायचं कुणाकडे?"

तिने पातेलं उचलून ओट्यावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला इस्त्रीने बोलावलं. त्याच्या टेबलावर काच होती, काचेवर एकच कागद आणि कागदावर नेमका मधोमध ठेवलेला पेन.

"बसा मॅडम. चहा घेणार? नको? बरं. काल तुम्ही थकला होता. माणूस आहे, होतं असं. हे वाचा, सही करा, चार दिवस विश्रांती घ्या. विषय संपला."

कागदावर लिहिलं होतं: थकव्यामुळे माझ्याकडून काही वाक्ये चुकून जोडली गेली, त्याबद्दल मी दिलगीर आहे.

"सर, कोणती वाक्यं ते यात नाही."

"ती पुन्हा लिहायची कशाला?"

"चूक कोणती ते कळल्याशिवाय दुरुस्त कशी करणार?"

"मॅडम, शब्दांचा कीस पाडू नका. साहेब मागे वळून माझ्याशी जे बोलले ते खासगी बोलणं होतं. समोरच्या चाळीस पत्रकारांना ते ऐकू आलं नाही. मग तुमच्या लोकांनाच ते कळायचं काय कारण?"

"म्हणजे ते बोलले होते."

इस्त्रीला पहिली सुरकुती पडली.

"मी असं म्हणालो नाही."

"मग मी काय जोडलं? ते बोलले असतील तर मी काही जोडलं नाही. बोलले नसतील, तर मला एक गोष्ट समजावून सांगा. 'आजच्या आज हलवा' हे मी साडेअकराला सांगितलं, कॅमेऱ्यावर वेळ आहे. बदलीचा आदेश निघाला चार वाजता आणि त्यावर सही तुमची आहे. थकव्याने चुकून जोडलेलं वाक्य साडेचार तासांनी खरं कसं झालं? एवढं सांगा, मी लगेच सही करते."

इस्त्रीने पेन उचलला, टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"फार हुशार आहात. हुशार माणसांचं या इमारतीत काय होतं, ठाऊक आहे?"

"बदली."

"ती कायम नोकरीतल्यांची. तुम्ही कंत्राटी. तुमचं नाव यादीतून निघतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही."

"काढा," ती म्हणाली आणि उठली. "पण कारण लिहून काढा. कारणाच्या जागी काय लिहिता ते मला वाचायचं आहे."

जिन्याच्या पहिल्या वळणावर ती थांबली. तिने कठडा धरला, दहापर्यंत आकडे मोजले आणि उरलेले तीन मजले उतरली. आपण तोंडावर बोलून आलो खरे, पण आता उद्या सकाळी उठून जायचं कुठे, हा प्रश्न होताच. संध्याकाळी तिचं नाव यादीतून गेलं. कारणाचा रकाना कोरा होता.

मात्र प्रकरण मिटलं नाही. चित्रफीत ऐकू येणाऱ्यांपर्यंत पोचली, साडेअकरा आणि चारचा हिशेब शाळेतली पोरंही करायला लागली, आणि विधानसभेत तीन दिवस गदारोळ झाल्यावर चौकशीसाठी एक निवृत्त न्यायाधीश नेमावे लागले. सुनावणी खुली ठेवली. गेलेल्या प्रत्येक माणसाच्या घरातल्या एकाने मंत्र्यांना समोरासमोर एक प्रश्न विचारायचा, असं न्यायाधीशांनी ठरवलं.

सुनावणीच्या सकाळी यादीवरच्या उरलेल्या सहाही दुभाष्यांना एकदम ताप आला.

खात्याने धावपळ करून कुठून तरी एक गृहस्थ पकडून आणले. त्यांनी ही भाषा पुस्तकातून शिकली होती आणि त्यांचा उत्साह दांडगा होता. पाच मिनिटांत वेणी उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून थांबली. मग हातांनी काही सांगत ती तिसऱ्या रांगेकडे बोट दाखवू लागली. तिथे दुभाषी आपल्या आईशेजारी प्रेक्षक म्हणून बसली होती.

"त्या काय म्हणतायत?" न्यायाधीशांनी विचारलं.

उत्साही गृहस्थ घाम पुसू लागले. शेवटी दुभाषीच उठली. "साहेब, त्या म्हणतायत, 'या भाऊंचा मला राग नाही. पण दोन वाक्यांत त्यांनी तीनदा खुर्ची म्हटलं. मंत्र्यांबद्दल असल्यामुळे ते बरोबरही असेल, पण मला बाकीचंही समजायला हवं. मला ही मुलगी हवी.'"

सभागृहात हशा पिकला. इस्त्री ताडकन उठला. "माझी हरकत आहे. या बाईंना चुकांमुळे काढून टाकलेलं आहे."

न्यायाधीशांनी चष्मा कपाळावर चढवला. "कोणत्या चुका?"

"त्या... आमच्या नोंदीत आहेत."

"कारणाचा रकाना कोरा आहे," दुभाषी म्हणाली. "कबुलीचा कागद मला दिला होता. मी सही केली नाही. मी चुकले नव्हते."

"सचिव, बसा," न्यायाधीश म्हणाले. "कुणाच्या हातांवर विश्वास ठेवायचा हे ज्याला ऐकू येत नाही तो ठरवेल. या बाई, पुढे या."

ती वेणीपासून दोन पावलांवर, मंत्र्यांसमोर जाऊन उभी राहिली. वेणीचे हात हलू लागले. ते हळू हलत होते, पण कापत नव्हते. दुभाषी तिचे शब्द मोठ्याने बोलू लागली. अशा वेळी दुभाष्याने 'त्या म्हणतात' म्हणायचं नसतं. ज्याचं बोलणं, त्याचाच 'मी'.

"माझ्या नवऱ्याला भोंगा ऐकू येत नव्हता. इन्स्पेक्टर बाईंनी ते कागदावर लिहिलं होतं. माझा एकच प्रश्न आहे. तो कागद तुम्ही वाचून फोन केलात, की न वाचताच केलात?"

मंत्री दुभाषीकडे बघून म्हणाले, "हे बघा ताई, तुमच्या दुःखाची मला पूर्ण कल्पना आहे. सरकार तुमच्या पाठीशी—"

"मंत्रिमहोदय," न्यायाधीशांनी टेबलावर बोट आपटलं, "नवरा यांचा गेलेला नाही. प्रश्न ज्यांचा आहे त्यांच्याकडे बघून बोला."

मंत्र्यांची मान सावकाश वळली. इतक्या दिवसांत ते वेणीकडे पहिल्यांदाच बघत होते. वेणी त्यांच्या डोळ्यांत बघत होती. ऐकू न येणारी माणसं समोरच्यावरून नजर हटवत नाहीत, कारण नजर हटली की बोलणं तुटतं. मंत्र्यांना अशा नजरेची सवय नव्हती. त्यांनी इस्त्रीकडे पाहिलं. इस्त्री जमिनीकडे बघत होता.

"फोनचं मला... आठवत नाही," मंत्री म्हणाले.

दुभाषीने ते हातांनी सांगितलं. 'फोनचं मला', मग जेवढा खंड मंत्र्यांनी घेतला तेवढाच खंड, मग 'आठवत नाही'.

न्यायाधीश लेखनिकाकडे वळले. "आधी 'फोन केलेला नाही', आता 'आठवत नाही'. दोन्ही लिहून घ्या. शेजारी शेजारी."

वेणीने मान डोलावली. तिने हात झटकले, जणू त्यांना पाणी लागलं होतं, आणि मग पुन्हा उचलले.

"काही हरकत नाही," दुभाषी तिच्या वतीने म्हणाली. वेणीच्या चेहऱ्यावर जेवढी धार होती, तेवढीच तिने आवाजात आणली; बोथट केली नाही. "मला घाई नाही. घरी आता कुणी वाट बघणारं नाही. तुम्हाला आठवेपर्यंत मी इथे बसते."

आणि वेणी बसली. मंत्री उठायला गेले, पण न्यायाधीशांनी त्यांना हाताने थांबवलं. "प्रश्न अजून उभा आहे."

तिसऱ्या रांगेतून आई उठली आणि वेणीशेजारी येऊन बसली. मग बाकीच्या दोन कर्णबधिर कामगारांच्या घरांतली माणसं आली. पुढच्या बाकावर जागा उरली नाही, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ सरळ जमिनीवर बसले.

दुभाषी मात्र उभीच राहिली. उत्तर आलं की तिला ते सांगायचं होतं.