विरजणाचा पासवर्ड

सलिल ऑफिसात नेटवर्क सांभाळायचा. त्यामुळे लॅपटॉपमधले घरचे व्हिडिओ टीव्हीवर आणणं हे दहा मिनिटांचं काम आहे, असं त्याने सकाळीच बायकोला, क्षिप्राला, ठणकावून सांगितलं होतं. दुपारचे चार वाजले तरी टीव्हीला लॅपटॉप सापडेना. सलिलने राउटर तीनदा बंद-चालू केला, टीव्ही बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि शेवटी जाहीर केलं, "टीव्हीच टुकार आहे!"

तेवढ्यात शेजारच्या उत्तराकाकू दारात आल्या. "अरे सलिल, आमच्या टीव्हीवर तुझं नाव आलं, म्हणून दाबलं. सोसायटीच्या गणपतीत तू गायलेलास ना, तोच व्हिडिओ लागला."

सलिलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मागच्या महिन्यात आख्ख्या ठाकुर्लीत फक्त त्याचंच इंटरनेट बंद होतं, तेव्हा विरजण मागावं तसा त्याने काकूंकडून वायफायचा पासवर्ड मागून आणला होता. लॅपटॉप अजून त्यांच्याच वायफायवर होता.

"सॉरी काकू, लगेच काढतो," तो पुटपुटला. मग राहवेना म्हणून विचारलं, "पण अडकत नव्हता ना? नीट दिसला?"

"छान दिसला रे," काकू म्हणाल्या. "आवाज बंद केल्यावर तर फारच छान."